आजीवन बंदी ते सिनेट : फिलिपिन्सचा 'बिग जे' रॉबर्ट जावोर्स्की

आपल्याकडे क्रिकेटचे जे स्थान, तेच फिलिपिन्समध्ये बास्केटबॉलचे. त्या देशात आजोबा, बाप आणि नातू या तिघांनाही ठाऊक असलेला खेळाडू म्हणजे रॉबर्ट जावोर्स्की. चाहत्यांचा 'जावो' किंवा 'बिग जे'. वयाच्या ५१ व्या वर्षापर्यंत तो व्यावसायिक संघातून मैदानात उतरत होता.

जन्म ८ मार्च १९४६, बागिओ. वडील पोलिश वंशाचे अमेरिकन, आई इलोकानो समाजातली. बालपण मनिलाला लागून असलेल्या पासाय शहरात गेले. युनिव्हर्सिटी ऑफ द ईस्टच्या संघात त्याला बेबी डालुपान हे प्रशिक्षक लाभले. १९६७ साली सोल येथील आशियाई स्पर्धा जिंकणाऱ्या राष्ट्रीय संघात आणि पुढच्या वर्षी मेक्सिको ऑलिम्पिकमध्येही तो होता. तिथवर सगळे सुरळीत होते.

१९७१ मध्ये मात्र घडू नये ते घडले. मेराल्को विरुद्ध क्रिस्पा सामन्यात पंचांच्या निर्णयांवरून जावोर्स्की आणि त्याचा सहकारी अल्बर्टो रेनोसो यांचा पारा चढला आणि दोघांनी थेट पंचांवरच हात टाकला. संघटनेने दोघांवर आजीवन बंदी घातली. १९७२ चे म्युनिक ऑलिम्पिक त्यातच हुकले. १९७३ ची आशियाई स्पर्धा मनिलात भरणार होती, घरच्या मैदानावर हरणे परवडणारे नव्हते, तेव्हा बंदी उठली. संघाने ती स्पर्धा जिंकली. शिक्षा माफ झाली ती पश्चात्तापापेक्षा गरजेपोटी, असेच म्हणावे लागते.

१९७५ साली पीबीए, म्हणजे आशियातील पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली. या लीगमध्ये संघ शहरांचे नसतात, कंपन्यांचे असतात. जावोर्स्की टोयोटाचा. समोर कापड कंपनीचा संघ क्रिस्पा, आणि त्याचे प्रशिक्षक जावोर्स्कीचेच गुरू डालुपान! या दोन संघांच्या वैराने घराघरात दोन तट पडले. १९७७ मध्ये सामन्यानंतर खेळाडूंची जुंपली. देशात तेव्हा मार्शल लॉ होता. दोन्ही संघांच्या खेळाडूंना फोर्ट बोनिफासिओच्या लष्करी तळावर रात्र काढावी लागली. पुढच्याच वर्षी, १९७८ साली, जावोर्स्की लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

१९८३ च्या हंगामानंतर टोयोटाने संघ गुंडाळला आणि खेळाडूंसकट दुसऱ्या कंपनीला दिला. आपल्याला न विचारता झालेला हा सौदा जावोर्स्कीला मान्य नव्हता. फ्रान्सिस अर्नाइझसोबत तो वेगळा झाला आणि १९८४ मध्ये गिल्बीज जिन संघात गेला. हाच पुढचा जिनेब्रा. टोयोटातला उंचापुरा साथीदार रॅमन फर्नांडेझ मात्र नव्या मालकांकडे गेला. दोघांत असे बिनसले की काही वर्षे बोलणे बंद.

१९८५ मध्ये जावोर्स्की जिनेब्राचा प्लेइंग कोच झाला. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला एनसीसी संघाविरुद्ध जेफ मूर या अमेरिकन खेळाडूचे कोपर त्याच्या तोंडावर बसले. ओठ फाटला. इस्पितळात नऊ टाके पडले. इकडे संघ १५ गुणांनी मागे. वय ३९. दुसरा कोणी असता तर घरी गेला असता. जावोर्स्की टाके घालून परत मैदानावर आला. प्रेक्षक उभे राहिले, संघाला चेव आला आणि हातचा गेलेला सामना जिनेब्राने जिंकला. 'नेव्हर से डाय' हे या संघाचे ब्रीद तिथून रुजले.

संघ तसा दारूच्या ब्रँडचा, पण पाठीराखे कष्टकरी वस्त्यांतले. पुढे संघाच्या नावात 'बरंगाय' हा शब्द आला. बरंगाय म्हणजे तिथला सर्वांत लहान प्रशासकीय घटक, आपल्याकडचा वॉर्ड म्हणा.

फर्नांडेझशी दिलजमाई झाली ती १९८९ च्या ऑल-स्टार सामन्यात. ज्येष्ठांच्या संघात दोघे एकत्र आणि प्रशिक्षक पुन्हा डालुपान. शेवटच्या क्षणी जावोर्स्कीने बाहेरून पास दिला, फर्नांडेझने तो बास्केटमध्ये घातला आणि सामना जिंकला. मग डालुपान यांनी दोघांना हात मिळवायला लावले. अख्ख्या देशाने ते पाहिले.

स्वभाव मात्र बदलला नव्हता. १९९० च्या अंतिम मालिकेत शेलविरुद्ध पंचांच्या निर्णयांवर चिडून संघच मैदान सोडून गेला आणि विजेतेपद शेलला मिळाले. प्रशिक्षक म्हणून ही जबाबदारी जावोर्स्कीचीच होती, ती झाकता येत नाही. वर्षभराने त्याच शेलविरुद्ध जिनेब्रा १-३ असा मागे पडला, तरी मालिका ४-३ ने जिंकली. सातव्या सामन्यात रुडी डिस्ट्रिटोचा निर्णायक बास्केट अगदी शेवटच्या सेकंदाला पडला. अंतिम मालिकेत असे पुनरागमन पीबीएमध्ये आधी कोणी केले नव्हते.

मधल्या काळात, १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत त्याने राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले. व्यावसायिक खेळाडूंना घेऊन गेलेला फिलिपिन्सचा तो पहिला संघ. अंतिम सामन्यात चीनकडून हरून रौप्य मिळाले. (कबड्डीचा प्रवेश झाला आणि भारताने सुवर्ण जिंकले, ती हीच स्पर्धा.)

प्लेइंग कोच म्हणून जावोर्स्कीने १९८६, १९८८, १९९१ आणि १९९७ अशी चार विजेतेपदे मिळवली. शेवटच्या वर्षांत मुलगा रॉबर्ट ज्युनियरही त्याच संघात होता. १९९८ मध्ये तो सिनेटवर निवडून आला आणि २००४ पर्यंत सिनेटर राहिला. ५,८२५ असिस्ट हा त्याचा पीबीएतील विक्रम. गुण किती केले यापेक्षा सहकाऱ्यांना किती करू दिले, त्याचा हा हिशेब. जिनेब्राने २०१२ मध्ये त्याची ७ क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली.