धारेचा आलेख

कुणाची धार लांब जाते, ही पोरांची जुनी पैज. १९३२ साली अमेरिकेत एडगर बॅलेंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला तपासणीचा मान दिला. धार किती लांब पडते ते मोजायचं आणि अंतर घटत गेलं तर वाढलेल्या प्रोस्टेटची शंका घ्यायची. खर्च शून्य, पण बायकांना या तपासणीत जागाच नव्हती.

विलार्ड ड्रेक यांनी १९४८ मध्ये अंतर सोडलं आणि वजन धरलं. लघवीचं भांडं काट्याला जोडलेलं. ते भरेल तसतशी फिरत्या ढोलावर रेघ चढायची. चढ जितका उभा, तितकी धार जोरदार. हा युरोफ्लोमीटर. १९५६ मध्ये स्वीडनच्या फॉन गॅरेल्ट्स यांनी ही मोजणी विजेवर आणली.

पण मला विजेपेक्षा दाराची कडी महत्त्वाची वाटते. यंत्र आपलं आपण लिहू लागलं आणि रुग्णाजवळ कुणी उभं राहायचं कारण उरलं नाही. इटलीत आंजेलो मोस्सो आणि पेल्लाकानी यांनी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच मूत्राशयात नळी घालून दाखवलं होतं, की नुसत्या स्पर्शाने किंवा मनातल्या खळबळीनेही ते आकसतं. अशा अवयवाची परीक्षा चारचौघांत घेतली तर निकाल कसा खरा यावा?

आज दवाखान्यात सांगतात, ‘पाणी पिऊन बसा, जोरात लागली की सांगा.’ मग दार लावून नरसाळ्यात लघवी करायची. स्त्रियांसाठी त्यावर बसायची सोय असते. दीडशे मिलिलिटर तरी झाली नाही तर आलेखावर फारसं विसंबत नाहीत. निरोगी आलेख घंटेसारखा दिसतो. कुंथून केलेली लघवी तुटक उंचवटे काढते. धारेचा कमाल वेग सेकंदाला दहा मिलिलिटरच्या खाली असेल तर वाट अडली आहे किंवा मूत्राशयच थकलंय. यातलं नेमकं काय, ते हा आलेख सांगत नाही. म्हणून लगेच सोनोग्राफीत आत किती उरली ते पाहतात. कपडे सतत ओले होणाऱ्या एखाद्या आजोबांचं मूत्राशय तेव्हा तुडुंब भरलेलं निघतं. गळतं ते वरचं, उतू जाणारं.

आणि एक प्रश्न न चुकता विचारायचा असतो: ‘घरी अशीच होते का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर तपासणी पुन्हा.