शिष्यवृत्ती संपली, शिक्षण बाकी होतं: बाबासाहेबांची ती तीन वर्षं



मागच्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. "दादा, लोन मंजूर झालंय, पण त्यात फी जेमतेम बसते. होस्टेल, मेस, लॅपटॉप, हे कुठून आणू? सरळ सोडून देऊ का?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. माझ्या बीटेकच्या तिसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर आला नव्हता आणि परीक्षेच्या फॉर्मचे पैसे रूममेटने भरले होते. हे कुणाला सांगायचीही तेव्हा लाज वाटायची.

म्हणून आजच्या भागात एका अशा विद्यार्थ्याची गोष्ट, ज्याची शिष्यवृत्ती अर्ध्यावर संपली. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांच्या पदव्या आपल्याला पाठ असतात. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. पाटीवर सगळं एका ओळीत दिसतं. पण त्या ओळीच्या मधोमध एक खड्डा आहे, १९१७ ते १९२०. तो पैशांचा खड्डा होता.

सुरुवात बडोद्यापासून करू. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना त्यांना सयाजीराव गायकवाड महाराजांकडून महिना २५ रुपये मिळायचे. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मुदत ३ वर्षं. अट अशी, की शिक्षण झाल्यावर संस्थानात १० वर्षं नोकरी करायची. म्हणजे आजच्या भाषेत बाँड!

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१५ मध्ये एम.ए. केलं आणि १९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास, दोन्ही एकदम सुरू केलं. पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परत यावं लागलं. डिग्री अपुरी, प्रबंध अपुरा. वर पहिलं महायुद्ध चालू. वेगळ्या बोटीने पाठवलेलं त्यांचं सामान आणि पुस्तकं टॉर्पेडोच्या हल्ल्यात बुडाली.

आता इथे लक्ष द्या. लंडन सोडण्याआधी त्यांनी एक काम करून ठेवलं होतं. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीने त्यांनी विद्यापीठाकडून परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून ४ वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. पैसे नव्हते, पण जागा हातची जाऊ दिली नाही. त्यांनी आधी मुदत मिळवली, पैशांची जुळवाजुळव नंतर केली.

ती जुळवाजुळव सोपी नव्हती. बाँडप्रमाणे ते बडोद्याला नोकरीवर गेले. तिथे जातीमुळे राहायला जागा मिळेना. एका पारशी खानावळीत ओळख लपवून उतरले, तर लोक काठ्या घेऊन दारात उभे राहिले. काही दिवसांतच नोकरी सोडून मुंबई गाठावी लागली. मग शिकवण्या केल्या. शेअर बाजारावर सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, पण सल्ला देणारा कोण आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईना. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाची ही अवस्था! "जिद्द असली की सगळं होतं" हे वाक्य मला म्हणूनच अर्धवट वाटतं.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी लागली. पगार महिना ४५० रुपये. तिथेही स्टाफच्या पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. ते शिकवत राहिले आणि पैसे साठवत राहिले. घर परळच्या चाळीत. त्या घराचा खर्च रमाबाईंनी काटकसरीने चालवला. त्यांचं नाव कुठल्याच डिग्रीवर नाही, पण ही बचत त्यांच्याशिवाय झाली नसती.

मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली तेव्हाही पैसे पुरेसे नव्हतेच. उरलेली रक्कम दोन ठिकाणांहून आली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेना या पारशी मित्राने ५,००० रुपये उसने दिले. ज्या समाजाच्या खानावळीतून बाहेर काढलं, त्याच समाजातला हा मित्र! जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले. ४ वर्षांच्या मुदतीतलं सव्वा वर्ष तेवढं शिल्लक होतं.

लंडनमध्येही हात आखडूनच राहिले. रात्री भूक लागली की पापड भाजून खायचे. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली, १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. डी.एस्सी.च्या प्रबंधावर परीक्षकांनी हरकती घेतल्या, तोवर पैसे पुन्हा संपत आले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, प्रबंध इथूनच दुरुस्त करून पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. लंडनमधल्या ज्या घरात ते राहायचे, ते २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं.

त्यांच्या दोन पुस्तकांच्या अर्पणपत्रिका बघा. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केलाय. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं पुस्तक सयाजीराव महाराजांना, शिक्षणाला केलेल्या मदतीच्या कृतज्ञतेपोटी. मदत घेतली याची लाज नाही. उलट ती छापून सांगितली.

आणि पुढे? १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि दलित विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी सरकारच्या मागे लागले. १९४४ मध्ये केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्रात आजही लाखो मुलं तो फॉर्म भरतात. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं. तिथे वर्ग सकाळी भरायचे, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यायचं. नोकरी करून शिक्षणाचे पैसे जमवणं म्हणजे काय, हे संस्थापकाला माहीत होतं.

मावसभावाला मी शेवटी काय सांगितलं? म्हटलं, सोडून देऊ नकोस. आधी कॉलेजला लेखी विचार, की फीचे हप्ते करता येतात का, नाहीतर प्रवेश एक वर्ष राखून ठेवता येतो का. ते उत्तर हातात आलं की मग पैशांचा हिशोब मांड. एका ठिकाणाहून सगळे मिळणार नाहीत. थोडे साठव, थोडे घरून, थोडे उसने. मित्राकडे मागताना लाजू नकोस आणि घेतलेले लिहून ठेव.

मग मी माझ्या त्या रूममेटला फोन लावला. परीक्षेच्या फॉर्मचे पैसे मी कधीच फेडले होते, पण धन्यवाद म्हणायचं राहिलं होतं.

तुमचा नवल भथेना कोण? त्याला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!