दाद न देणाऱ्या पेशी

कर्करोगाच्या उपचारातला एक अनुभव डॉक्टरांना आणि घरच्यांना सारखाच ठाऊक असतो. केमोथेरपी सुरू होते, गाठ लहान होते, रुग्ण दोन घास जास्त खाऊ लागतो. आणि काही महिन्यांनी आजार उलटतो. या खेपेला तेच औषध तितकेच दिले तरी गाठ दाद देत नाही. त्याहून चक्रावून टाकणारी गोष्ट अशी, की जे औषध त्या रुग्णाला आजवर एकदाही दिलेले नाही, त्यालाही कधी कधी ती दाद देत नाही. ज्या औषधांची रासायनिक घडण निराळी, पेशीवर घाव घालण्याची तऱ्हा निराळी, ती सगळी एकदमच निष्प्रभ कशी होतात? या प्रश्नातून अभ्यासाचे एक क्षेत्र उभे राहिले. बहुऔषधरोध हे त्याचे नाव आणि पेशीतून औषध बाहेर टाकणारी प्रथिने हा त्याचा गाभा. त्याची ओळख मराठी वाचकाला व्हावी म्हणून हा प्रपंच.

विषय परका वाटला तर त्यात वाचकाचा दोष नाही. पण तुमच्या अंगणात सदाफुली असेल तर या कथेतले एक पात्र तुमच्या रोजच्या पाहण्यातले आहे. व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही केमोथेरपीची औषधे सदाफुलीतूनच मिळाली. पावसाळ्यात कोकणातल्या कुंपणांवर चढणाऱ्या कळलावीच्या कंदात कोल्चिसिन नावाचे विष असते. त्याच कोल्चिसिनपासून टोरांटोतल्या एका प्रयोगशाळेत या संशोधनाला मोठी कलाटणी मिळाली. वनस्पतींची ही विषे पुढे पुन्हा भेटतील. त्यांचा संबंध योगायोगाचा नाही.

व्हिक्टर लिंग आणि त्यांचे सहकारी कॅनडात चिनी हॅमस्टरच्या पेशी कोल्चिसिनमध्ये वाढवत होते. ज्या पेशी तगल्या त्यांच्यात औषध फारसे साठतच नाही, असे 1974 साली त्यांच्या लक्षात आले. 1976 साली लिंग आणि रुडॉल्फ ज्युलियानो यांना अशा पेशींच्या पृष्ठभागावर एक भलेमोठे प्रथिन सापडले. साखरेचे रेणू चिकटलेल्या या प्रथिनाचे वजन सुमारे 1,70,000 डाल्टन होते. पेशी जितकी चिवट तितके ते जास्त. त्याला पी-ग्लायकोप्रोटीन म्हणतात. हे प्रथिन औषधाला आत शिरू देत नसावे, असा पहिला अंदाज होता. डेन्मार्कच्या केल्ड डानो यांचे निरीक्षण मात्र निराळे सांगत होते. रोधक, म्हणजे दाद न देणाऱ्या, पेशींचा ऊर्जापुरवठा तोडला की औषध आत साठते, ग्लुकोज दिले की ते बाहेर पडते, हे त्यांनी 1973 सालीच दाखवले होते. म्हणजे औषध आत येतच होते. पेशी ऊर्जा खर्चून ते बाहेर काढत होती.

होडीत पाणी झिरपत असावे आणि नावाड्याने ते सारखे उपसत राहावे, तसे हे आहे. उपसण्याचा वेग झिरपण्याच्या बरोबरीला आला की होडी बुडत नाही. उपमेत एक दुरुस्ती मात्र हवी. पी-ग्लायकोप्रोटीन पुष्कळदा औषधाला पेशीच्या पोटात पोचूच देत नाही. तेलकट पेशीपटलातून आत सरकत असतानाच त्याला पकडते. म्हणून ज्यांच्यात रासायनिक साम्य जवळजवळ नाही, पण जी पेशीपटलात सहज विरघळतात, अशी किती तरी औषधे त्याच्या तावडीत सापडतात.

डोळ्यांनी पाहून पटवून घ्यायचे असेल तर डॉक्सोरुबिसिनचे उदाहरण घ्या. हे लाल रंगाचे औषध विशिष्ट प्रकाशात स्वतःच नारिंगी-लाल चमकते. सूक्ष्मदर्शकाखाली साध्या कर्कपेशीला ते दिले की काही वेळात तिचे केंद्रक निखाऱ्यासारखे उजळते, कारण औषध डीएनएला जाऊन बिलगलेले असते. शेजारच्या काचपट्टीवरची रोधक पेशी तेवढ्याच औषधात बुडालेली असूनही काळोखी राहते. आता त्यात व्हेरापामिल हे रक्तदाबाचे औषध मिसळा. पी-ग्लायकोप्रोटीनचा पंप त्यात गुंततो आणि तीही उजळू लागते. व्हेरापामिलचा हा गुण जपानच्या ताकाशी त्सुरुओ यांनी 1981 साली रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींवर व्हिनक्रिस्टिनच्या संदर्भात दाखवला होता. या विषयात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग एकदा तरी पाहावा, असे मला मनापासून वाटते.

1986 साली पी-ग्लायकोप्रोटीनच्या जनुकाचा क्रम हाती आला. प्रथिनात 1280 अमिनो आम्ले. पेशीपटलातून आरपार जाणारे बारा वेढे, आणि एटीपी हे ऊर्जेचे चलन वापरणारी दोन ठिकाणे. ही ठेवण जीवाणूंच्या वाहक प्रथिनांशी ठळकपणे जुळत होती. आज मानवात अशा प्रथिनांच्या एबीसी कुटुंबाची 48 जनुके मोजली जातात. ही जुळणी मला फार महत्त्वाची वाटते. या विषयाला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती इथे आहे: औषध उपसणारा हा पंप कर्करोगाने शोधलेला नाही. तो शरीराचा फार जुना, रोजच्या राबत्यातला राखणदार आहे आणि कर्कपेशी त्याला आपल्या कामाला जुंपते. आतड्याचे अस्तर, यकृत, मूत्रपिंड, वार आणि मेंदूच्या केशवाहिन्या, म्हणजे जिथे जिथे बाहेरचे विष अडवायचे किंवा काढून टाकायचे असते, तिथे तो आरोग्यातही पहाऱ्यावर असतो. वनस्पतींनी आपल्या बचावासाठी विषे तयार केली आणि ती पाने-कंद खाणाऱ्या प्राण्यांनी ती बाहेर टाकायची सोय केली. सदाफुलीचा अर्क औषध म्हणून नसेत शिरला तरी ही जुनी सोय त्याला विष म्हणूनच ओळखते.

याचा पुरावा ॲमस्टरडॅममध्ये अनपेक्षितपणे मिळाला. आल्फ्रेड शिंकेल, पीट बोर्स्ट आणि सहकाऱ्यांनी हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. उंदीर धडधाकट होते, सहज दिसावी अशी कोणतीही उणीव त्यांच्यात नव्हती. मग प्राणिगृहात माइट नावाच्या बारीक किड्यांचा उपद्रव झाला आणि नेहमीप्रमाणे आयव्हरमेक्टिन फवारले गेले. आपल्याकडे गोठ्यात गोचिडांवर वापरतात तेच हे औषध. साध्या उंदरांना काही झाले नाही. पंप नसलेले मात्र पटापट मेले. त्यांच्या मेंदूत औषध साध्या उंदरांच्या जवळजवळ 90 पट साठले होते. 1994 साली हे प्रसिद्ध झाले. कॉली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन का सोसत नाही, याचे उत्तरही 2001 साली मिळाले: त्यांच्या याच जनुकातली चार अक्षरे गळालेली होती.

आता सुझन कोल यांच्या कामाकडे वळू, कारण एका संशोधकाची चिकाटी क्षेत्राला कशी पुढे नेते हे त्यात स्वच्छ दिसते. कॅनडातल्या किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात त्यांनी फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगाची एच69 ही पेशीमालिका घेतली. हा कर्करोग सुरुवातीला केमोथेरपीला चांगली दाद देतो आणि मग बहुधा उलटतो. म्हणून निवड नेमकी होती. डॉक्सोरुबिसिनची मात्रा हळूहळू वाढवत त्यांनी रोधक वाण तयार केला. तो अनेक औषधांना रोधक निघाला, पण त्यात पी-ग्लायकोप्रोटीन सापडेना. एखाद्याने ही तपासणीतली चूक समजून पुढचा मार्ग धरला असता. कोल आणि त्यांचे सहकारी रॉजर डीली यांनी साध्या व रोधक पेशींमध्ये कोणती जनुके कमी-जास्त बोलतात हे ताडून पाहिले आणि 1992 साली एक नवे प्रथिन जगापुढे ठेवले. त्याला एमआरपी-1 म्हणतात. ते एबीसी कुटुंबातलेच, पण पी-ग्लायकोप्रोटीनचे दूरचे नातलग. त्याची रीतही वेगळी आहे. ग्लुटाथायोन जोडलेले रेणू ते बाहेर टाकते, आणि व्हिनक्रिस्टिन नेताना तर ग्लुटाथायोनची सोबतच मागते. निरोगी शरीरात ते दाहाशी संबंधित ल्युकोट्राइन सी-4 वाहून नेते. म्हणजे इथेही आधी शरीराचे काम, मग कर्करोगाचे. पुढे 1998 साली स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींमधून तिसरे मोठे प्रथिन पुढे आले. त्याला बीसीआरपी किंवा एबीसीजी-2 म्हणतात.

एवढे कळल्यावर पंप बंद करण्याची औषधे शोधणे ओघाने आले. इथे वाचकांनी जरा धीर धरावा. व्हेरापामिलची जी मात्रा पंप थांबवते ती हृदयाला झेपत नाही. नंतरच्या व्हॅल्स्पोडारने यकृतात औषधे मोडणाऱ्या विकरांनाही अडवले; त्यामुळे केमोथेरपीचे प्रमाण रक्तात वाढले आणि तिचीच मात्रा घटवावी लागली. टॅरिक्विडार, झोसुक्विडार ही पुढची औषधे पंपावर नेमकी बसतात, तरी मोठ्या चाचण्यांत रुग्णांना अपेक्षित लाभ झाला नाही. अनेक चाचण्यांत, त्या रुग्णाच्या गाठीत पंप आहे का, हे पाहून निवडच झालेली नव्हती. आणि जो पंप गाठीत थांबवायचा तोच आतड्यात, यकृतात, मेंदूच्या दाराशी शरीर राखत असतो, ही अडचण तर प्रत्येक वेळी होतीच. या अपयशांमुळे क्षेत्र संपले असे कोणी म्हणाले तर मला ते मुळीच मान्य नाही. हे प्रथिन शरीरात काय करते हे आपल्याला या चाचण्यांनीही शिकवले.

म्हणून या विषयाकडे येण्याची वाट मी उलटी सुचवतो. बहुतेक पुस्तके गाठीपासून सुरुवात करतात. तुम्ही आतडे आणि मेंदूच्या केशवाहिन्यांपासून करा. गाठ त्यानंतर वाचा. शोधनिबंध हाती घेतलात की निष्कर्षाआधी तीन गोष्टी पाहा: कोणती पेशी, कोणते औषध, किती मात्रा. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे औषधात वाढवलेल्या पेशींत पंपाचे प्रमाण रुग्णांच्या गाठींपेक्षा पुष्कळदा फारच जास्त असते. सगळा रोध पंपामुळेच येतो असेही समजू नका. सिस्प्लॅटिनला पी-ग्लायकोप्रोटीन हात लावत नाही. इमॅटिनिबला दाद न देणाऱ्या रक्ताच्या कर्करोगात पुष्कळदा औषधाचे लक्ष्य असलेले प्रथिनच बदललेले असते: उदाहरणार्थ, त्याच्यातल्या 315व्या जागी थ्रिओनिन जाऊन आयसोल्युसिन आलेले असते. रचनेची चित्रे पाहायची असतील तर 2009 सालची उंदराच्या पी-ग्लायकोप्रोटीनची रचना आधी पाहा. तिच्यात पेशीपटलाकडे उघडी असलेली प्रशस्त पोकळी दिसते. मग अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेली मानवी प्रथिनाची अलीकडची चित्रे समजायला सोपी जातील.

आज या क्षेत्रातला मला सर्वांत जिवंत वाटणारा प्रश्न मेंदूत पसरलेल्या गाठींचा आहे. स्तनाच्या कर्करोगावरचे लॅपॅटिनिब घ्या. पी-ग्लायकोप्रोटीन नसलेल्या उंदरांच्या मेंदूत ते साध्या उंदरांपेक्षा तीन-चार पट पोचते. फक्त बीसीआरपी काढून टाकले तर फरक पडत नाही. दोन्ही काढली की मात्र ते सुमारे 40 पट पोचते. एक पहारेकरी गेला तर दुसरा त्याचे काम उचलतो. तेव्हा पुढचे औषध या दोघांच्या नजरेतून निसटेल असे घडवायचे, की दोघांना काही तासांपुरते थांबवायचे, आणि थांबवलेच तर त्या काळात मेंदूला इतर विषांपासून कसे जपायचे, यावर आता काम चालू आहे.