नेटवर्क मार्केटिंग करताय? मग स्वतःचा पर्सनल ब्रँड असा तयार करा



दिवाळीत कराडला गेलो होतो. फराळ चालू होता तेवढ्यात वहिनींनी फोन पुढे केला. "भाऊजी, तुम्ही इंजिनिअर ना? माझं इन्स्टाग्राम जरा नीट करून द्या. वर्ष झालं रोज पोस्ट टाकते, कुणी काही घेतच नाही."

वहिनी एका डायरेक्ट सेलिंग कंपनीचे साबण, फ्लोअर क्लीनर आणि स्किन केअर विकतात. मी पेज उघडलं. महागड्या गाड्या, समुद्रकिनारे, 'स्वप्न मोठं बघा' असली वाक्यं आणि अपलाइनचा सत्काराचा फोटो. वहिनी काय विकतात, केवढ्याला विकतात, कुठे राहतात, यातलं काहीच नाही. त्यांचा स्वतःचा फोटोसुद्धा नाही. पेज अपलाइनच्या ईमेलवरून बनवलेलं. आणि घराच्या माळ्यावर, रँक टिकवण्यासाठी घेतलेल्या मालाची सात खोकी.

त्या संध्याकाळी जे बोलणं झालं, तेच आज सविस्तर लिहितोय. तुम्ही स्वतः नेटवर्क मार्केटिंग करत असाल किंवा घरात कुणी करत असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

नेटवर्क मार्केटिंग म्हणजे नेमकं काय?

दुकान न उघडता, माणसांच्या साखळीतून माल विकायची ही पद्धत आहे. तुम्ही माल विकता, त्यावर नफा मिळतो. तुमच्यामुळे जोडलेल्या माणसांनी माल विकला तर त्याचंही कमिशन मिळतं. तुम्हाला जोडणारा तुमचा अपलाइन, तुम्ही जोडलेले तुमची डाउनलाइन.

भारतात यासाठी 'ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१' आहेत. या नियमांप्रमाणे डायरेक्ट सेलिंग कायदेशीर आहे, पण पिरॅमिड स्कीम आणि पैसे फिरवण्याच्या योजनांना बंदी आहे. पैसे फिरवण्याच्या योजनांवर तर १९७८ पासून वेगळा कायदाच आहे. फरक सोपा आहे: पैसा माल विकून येतो, की नवीन माणूस जोडून?

साखळीचं गणित एकदा करून बघा

समजा प्रत्येकाने फक्त पाच जण जोडायचे. ५, मग २५, मग १२५. मीटिंगमध्ये बोर्डवर इथपर्यंतच लिहितात. आपण पुढे जाऊ. दहाव्या पातळीवर ९७ लाखांहून जास्त माणसं लागतात. बाराव्या पातळीवर २४ कोटींहून जास्त. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२३ कोटी होती!

म्हणजे सगळ्यांनी मेहनत केली तरी साखळी कुठेतरी थांबणारच, आणि सगळ्यात खालच्या पातळीवर नेहमी सगळ्यात जास्त माणसं असणार. त्यांना डाउनलाइनच नसते. त्यांच्याकडे कमाईचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे खऱ्या ग्राहकाला माल विकणं. म्हणून तुमचा ब्रँड 'जॉइन करा' यावर उभा करू नका, मालावर आणि सेवेवर उभा करा.

पर्सनल ब्रँड म्हणजे काय?

लोगो, रंग, रील हे सगळं नंतर. तुमचं नाव घेतल्यावर समोरच्याच्या मनात काय येतं, तो तुमचा ब्रँड. "अगं, तिला विचार, ती खरं सांगेल" असं कुणी म्हणालं की ब्रँड तयार झाला. "तिचा फोन उचलू नकोस, परत काहीतरी जॉइन करायला सांगेल" असं म्हणालं की तोही तयारच झाला, फक्त उलटा.

ही गोष्ट इन्स्टाग्रामच्या खूप आधीची आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात ब्राउनी वाइज नावाच्या बाईंनी टपरवेअरचे डबे बायकांच्या घरगुती पार्ट्यांमधून विकायची पद्धत यशस्वी केली. ती इतकी चालली की कंपनीने दुकानातली विक्री बंद केली. १९५४ मध्ये 'बिझनेस वीक' मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या झळकल्या. आणि १९५८ मध्ये कंपनीने त्यांना काढून टाकलं. त्यांच्या हातात कंपनीचा एकही शेअर नव्हता.

यातून आपल्या कामाचं काय? कंपनी तुमची नाही, प्लॅन तुमचा नाही, रँक तुमची नाही. ग्राहकांचा विश्वास आणि त्यांच्याशी असलेला संपर्क एवढंच तुमचं. त्यामुळे ते तुमच्याच नावावर, तुमच्याच फोनमध्ये असू द्या.

माझी स्वतःची चूक

हे मी शहाणपण शिकवायला सांगत नाहीये. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी पण अशाच एका कंपनीत होतो. पुण्यात हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार व्हायचा, टाय लावून जायचो. स्टेटसला रोज 'फायनान्शियल फ्रीडम'. खिशात मेसचे पैसे नसायचे!

अपलाइनने एका मोठ्या कमिशनचा स्क्रीनशॉट दिला होता. तो मी माझ्या शाळेतल्या मित्राला पाठवला. त्याने त्यावर विश्वास ठेवून घरून पैसे मागवले आणि जॉइन झाला. चार महिन्यांत आम्ही दोघंही बाहेर. त्याने माझ्याशी भांडण केलं नाही. फक्त फोन करणं बंद केलं. नोकरी लागल्यावर मी त्याचे पैसे परत केले. त्याने घेतले, 'थँक्स' लिहिलं, आणि विषय संपला. आधीसारखं बोलणं काही झालं नाही.

तो स्क्रीनशॉट खरा होता की नाही हे मी तपासलंही नव्हतं. आणि आज सांगतो, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये कुठल्याही पेजवर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडलं की स्क्रीनवरचा आकडा बदलून स्क्रीनशॉट काढायला दोन मिनिटंही लागत नाहीत. त्यामुळे कमाईचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. कुणी दाखवला तर मानू नका, आणि स्वतःही टाकू नका.

पर्सनल ब्रँड कसा तयार करायचा? स्टेप बाय स्टेप

१. अकाउंट स्वतःच्या ताब्यात घ्या. पेज, चॅनेल, व्हॉट्सॲप सगळं तुमच्या नंबरवर आणि तुमच्या ईमेलवर हवं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. पासवर्ड किंवा ओटीपी अपलाइनलाही द्यायचा नाही. वहिनींचं सगळ्यात आधी आम्ही हेच केलं.

२. नाव तुमचं, कंपनीचं नाही. पेजच्या नावात कंपनीचं नाव घातलं की कंपनी सुटल्यावर पेज बिनकामाचं. शिवाय कंपनीचं नाव, लोगो कसा वापरायचा आणि माल ऑनलाइन शॉपिंग साइटवर विकता येतो का, याच्या अटी करारात असतात, त्या वाचा. बायोमध्ये चार गोष्टी पुरेत: नाव, गाव, काय विकता, आणि 'अमुक कंपनीची डायरेक्ट सेलर' हा स्पष्ट उल्लेख.

३. व्हॉट्सॲप बिझनेस वापरा. ॲप फुकट आहे. त्यातल्या या गोष्टी कामाच्या:
- कॅटलॉग: प्रत्येक वस्तूचा स्वतः काढलेला फोटो, वजन आणि किंमत. 'किमतीसाठी मेसेज करा' असं लिहू नका, लोक वैतागतात.
- लेबल: 'नवीन ग्राहक', 'पैसे बाकी', 'माल पोचला'. वही शोधावी लागत नाही.
- क्विक रिप्लाय: नेहमीची उत्तरं एकदाच लिहून ठेवायची आणि पाठवताना स्लॅश टाइप करून निवडायची.
- ब्रॉडकास्ट लिस्ट: एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून आधी विचारा, "नवीन माल आला की कळवू का?" हो म्हणाले तरच ॲड करा.

न विचारता ग्रुपमध्ये टाकणं, अनोळखी लोकांना धडाधड मेसेज पाठवणं बंद. लोकांनी रिपोर्ट केलं तर नंबरच बॅन होऊ शकतो.

४. पोस्टमध्ये वापर दाखवा, स्वप्न नको. वहिनींची आत्तापर्यंतची सगळ्यात चाललेली रील कुठली माहितीये? स्वयंपाकघरातल्या तेलकट टाइल्स. अर्धी टाइल कंपनीच्या क्लीनरने, अर्धी साध्या साबणाच्या पाण्याने. शेवटी वहिनी म्हणतात, "रोजच्या पुसण्याला साबणाचं पाणी चालतं, चिकट डागाला हे घ्या." त्या एका वाक्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला. जी वस्तू महाग वाटते तिला महाग म्हणा. जी स्वतः वापरली नाही तिच्याबद्दल बोलू नका.

५. जाहिरात आहे हे सांगा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कंपनीकडून पैसे, भेट किंवा दुसरा काही फायदा मिळत असेल तर ते लोकांना स्पष्ट आणि सोप्या भाषेत कळलं पाहिजे. 'ही वस्तू मी विकते, यावर मला नफा मिळतो' एवढं लिहिलं की झालं. यामुळे विक्री कमी होत नाही, उलट लोक मोकळेपणाने प्रश्न विचारतात.

६. हिशोब ठेवा. समजा ४०० रुपयांच्या वस्तूवर तुम्हाला ८० रुपये सुटतात. त्यातून पेट्रोल, रिचार्ज, फुकट दिलेलं सॅम्पल वजा करा. आणि रँकसाठी घेतलेला, पडून असलेला माल? तो विक्री नाही, खर्च आहे. फोनमध्ये एक साधी शीट बनवा: आलेले पैसे, गेलेले पैसे, उरलेला माल. दर महिन्याला बघा.

या गोष्टी अजिबात करू नका

- "नाव नको विचारू, झूमला ये": २०२१ च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याने सुरुवातीलाच स्वतःची ओळख, कंपनीचं नाव, काय विकतोय आणि कशासाठी भेटतोय हे खरं सांगायचं असतं. ग्राहकाच्या घरी जायचं तर आधी वेळ ठरवून आणि ओळखपत्र घेऊनच.
- कमाईचं आश्वासन: 'सहा महिन्यांत नोकरी सोडाल' हे तुम्ही पाळू शकत नाही, म्हणून बोलू नका.
- औषधासारखे दावे: 'या पावडरने शुगर जाते', 'बीपीच्या गोळ्या बंद होतात' असली पोस्ट टाकू नका. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब अशा आजारांवर उपचाराच्या जाहिरातींना मनाई आहे. आणि कुणी तुमच्या भरवशावर खरंच गोळी बंद केली तर? फूड सप्लिमेंट विकत असाल तर पाकिटावर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक आहे का ते बघा. पण तो क्रमांक असला म्हणजे ते औषध होत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फॉलोअर किती हवेत?
वहिनींचे आजही चारशेच्या आत आहेत. पण पुन्हा पुन्हा माल घेणारी अकरा घरं आहेत. ती अकरा घरं म्हणजे खरा ब्रँड. विकत घेतलेले फॉलोअर साबण घेत नाहीत.

कंपनी चांगली आहे की पिरॅमिड, कसं ओळखू?
स्वतःला एक प्रश्न विचारा: जॉइनिंग आणि कमिशन उद्या बंद झालं, तर ही वस्तू याच किमतीला लोक घेतील का? उत्तर 'नाही' असेल तर थांबा.

जॉइन झालोय, आता बाहेर पडायचंय. काय करू?
करार काढा. त्यात कूलिंग-ऑफ पीरियड असतो, त्या मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मुदत संपली असेल तर माल परत घेण्याची अट बघा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा.

नातेवाइकांना विकू की नको?
विका, पण एकदाच विचारा. 'नको' म्हणाले तर विषय तिथेच संपवा. चहा प्या आणि घरी या.

थोडक्यात

वहिनींनी रँक सोडली. माळ्यावरची सातपैकी चार खोकी विकली गेली, तीन अजून आहेत. नवीन माल आता ऑर्डर आल्यावरच मागवतात. महिन्याला हातात येणारी रक्कम फार मोठी नाही, पण ती खरी आहे आणि शीटमध्ये दिसते. परवा फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, अपलाइन रागावलेत, म्हणतात तुमचं व्हिजन छोटं झालं." मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? तर म्हणाल्या, "म्हटलं, शेजारच्या काकूंनी आज स्वतःहून दार वाजवलं. मला तेवढं पुरे."

तुमच्या स्टेटसवर आत्ता काय आहे? एकदा उघडून बघा. ते वाचून एखादा जुना मित्र तुम्हाला फोन करेल, की म्यूट करेल? उत्तर प्रामाणिकपणे द्या आणि पहिला बदल तिथूनच करा.