सार्वजनिक अधिकाऱ्यांची बंधनकारक कर्तव्ये : कायदेशीर अर्थ

कायद्याने सार्वजनिक अधिकाऱ्यांवर सोपवलेली कामे स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. काही बाबतींत निर्णय अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपवलेला असतो. यास स्वेच्छाधिकार म्हणतात. अन्य बाबतींत, कायद्यात नमूद केलेल्या अटींची पूर्तता होताच ते काम करण्यावाचून अधिकाऱ्यासमोर पर्याय उरत नाही. हे बंधनकारक कर्तव्य होय. पहिल्या बाबतीत नागरिक योग्य विचाराची अपेक्षा करू शकतो, तर दुसऱ्या बाबतीत काम होणे हाच त्याचा हक्क असतो.

हा भेद बहुधा कायद्याच्या शब्दरचनेतून स्पष्ट होतो. इंग्रजी कायद्यांतील 'शॅल' आणि 'मे' या शब्दांसाठी मराठी अनुवादात सामान्यतः 'करील' आणि 'करू शकेल' अशी रूपे योजली जातात. 'करील' हे वाचताना भविष्यकाळ वाटला, तरी त्याचा अर्थ आज्ञेचा असतो. मात्र केवळ शब्दावरून निष्कर्ष न काढता न्यायालये तरतुदीचा हेतूही विचारात घेतात.

या विषयातील महत्त्वाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने 12 नोव्हेंबर 2013 रोजी ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या प्रकरणात दिला. एका अल्पवयीन मुलीच्या अपहरणाची तक्रार तिच्या वडिलांनी पोलीस ठाण्यात दिली होती. परंतु तिची दखल घेण्यात आली नाही. पोलीस अधीक्षकांकडे दाद मागितल्यानंतर गुन्हा नोंदवला गेला, तरी मुलीच्या शोधासाठी पावले उचलली गेली नाहीत, असे याचिकेत म्हटले होते. मिळालेल्या माहितीवरून दखलपात्र गुन्हा घडल्याचे दिसत असेल, तर एफआयआर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्वाळा घटनापीठाने दिला. माहिती विश्वासार्ह आहे किंवा नाही, हा प्रश्न नोंदणीनंतरच्या तपासाचा आहे. अटक मात्र आपोआप होत नाही. तेथे पोलिसांना विचार करावा लागतो. एकाच प्रकरणात कर्तव्य आणि स्वेच्छाधिकार असे शेजारी शेजारी नांदतात.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ही तरतूद आहे. तीन वर्षे किंवा अधिक, परंतु सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा त्यात देण्यात आली आहे. पोलीस ठाण्याने नोंद नाकारल्यास तक्रारदार पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी माहिती पाठवू शकतो आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो.

स्वेच्छाधिकार असला म्हणून अधिकारी सर्वस्वी मोकळा नसतो. मुंबईतील अंधेरी येथे चित्रपटगृह बांधण्यासाठी दिलेली परवानगी पोलीस आयुक्तांनी 1947 मध्ये राज्य सरकारच्या सूचनेवरून रद्द केली होती. गोरधनदास भानजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1951 मध्ये स्पष्ट केले, की ज्या अधिकाऱ्याला कायद्याने अधिकार दिला आहे, त्याने स्वतः विचार करून तो वापरला पाहिजे. निर्णय कोणता घ्यावा हे त्याच्या हाती असते. निर्णय घ्यावा की नाही, हे नसते.

कर्तव्य टाळले गेल्यास राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 अन्वये उच्च न्यायालयाकडे परमादेशाची, म्हणजेच मॅन्डेमसची मागणी करता येते. मूलभूत हक्काचा भंग झाला असल्यास अनुच्छेद 32 अन्वये सर्वोच्च न्यायालयाचा मार्ग खुला आहे. अर्जदाराचा कायदेशीर हक्क आणि अधिकाऱ्याचे सार्वजनिक कर्तव्य सिद्ध व्हावे लागते. सर्वसाधारणपणे आधी लेखी मागणी केलेली असणे आणि ती नाकारली जाणेही आवश्यक मानले जाते. स्वेच्छाधिकाराच्या बाबतीत न्यायालय सहसा 'विचार करा' असा आदेश देते. विशिष्ट निर्णय लादत नाही.

प्रत्येकाला न्यायालयात जाणे शक्य नसते. म्हणून काही कायद्यांनी मुदत आणि दंड दोन्ही ठरवून दिले आहेत. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यानुसार अर्जावर 30 दिवसांत निर्णय देणे बंधनकारक असून, वाजवी कारणाशिवाय विलंब केल्यास माहिती अधिकाऱ्यास दररोज 250 रुपये, कमाल 25,000 रुपये दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांसाठी अशीच व्यवस्था केली आहे. अशा कामांसाठी अर्ज करणारा नागरिक मेहेरबानी मागत नसतो. म्हणूनच अर्ज लेखी देणे आणि त्याची पोच जपून ठेवणे महत्त्वाचे ठरते.