लाल तापातही पाणी न उतरणारे पोलाद : कोबाल्ट ड्रिलची कुळकथा

पोलादी हत्याराच्या धारेला समोरच्या धातूच्या कठीणपणापेक्षा उष्णतेचा धोका मोठा असतो. पोलाद लाल तापवून एकदम थंड करण्याच्या क्रियेला ‘पाणी देणे’ म्हणतात, आणि या पाण्याने आलेला कठीणपणा पोलाद पुन्हा तापू लागले की उतरू लागतो. साध्या कार्बन पोलादाची धार सुमारे 250 अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडते. ड्रिलच्या बाबतीत ही अडचण अधिकच बिकट होते, कारण त्याचे टोक भोकाच्या तळाशी गाडलेले असते, घर्षणाची उष्णता तिथेच कोंडते आणि वरून सोडलेल्या तेलाचा फारच थोडा अंश धारेपर्यंत पोहोचतो. कोबाल्ट ड्रिलच्या कुळातील प्रत्येक पिढी या एकाच अडचणीशी झुंजलेली आहे.

ड्रिलची आजची आकृती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातली आहे. तिथल्या ईस्ट ब्रिजवॉटर येथील स्टीफन मोर्स याने 1863 मध्ये पिळाच्या ड्रिलचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी या ड्रिलच्या उत्पादनासाठी कंपनी उभी राहिली. त्याआधी लोहाराने टोक चपटे ठोकून घडवलेले ड्रिल वापरात होते. त्यातून निघालेला धातूचा कीस भोकातच अडकत असे. मोर्सच्या ड्रिलवरील दोन पिळदार चरांतून कीस आपोआप वर चढू लागला. ही आकृती इतकी यशस्वी ठरली की पुढच्या दीड शतकात तिच्यात मूलभूत बदल झाला नाही. बदलत गेले ते पोलाद.

पोलादातील पहिला मोठा बदल इंग्लंडमध्ये झाला. रॉबर्ट मुशेट याने 1868 च्या सुमारास टंगस्टन मिसळलेले असे पोलाद तयार केले, की ते पाण्यात न बुडवता, नुसत्या हवेत निवतानाही कठीण होत असे. त्यानंतर पेनसिल्व्हेनियातील बेथलहेम येथे फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी 1898 पासून जे प्रयोग केले, ते या साऱ्या कथेचा गाभा आहेत. हत्यार फार तापवले तर ते वाया जाते, ही लोहारकामातील पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती, आणि कार्बन पोलादापुरती ती खरीही होती. टेलर आणि व्हाइट यांनी टंगस्टन-क्रोमियमचे पोलाद ही मर्यादा ओलांडून, वितळण्याच्या जवळपास पोहोचेपर्यंत तापवले आणि ते निकामी होण्याऐवजी विलक्षण टिकाऊ झाल्याचे त्यांना आढळले. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचे हत्यार टोक लालबुंद झालेले असतानाही लोखंड कापत राहिलेले लोकांनी पाहिले. हेच हायस्पीड स्टील, कारखान्यांच्या बोलीतले एचएसएस. त्याचा जो नमुना पुढे रूढ झाला, त्यात 18 टक्के टंगस्टन, 4 टक्के क्रोमियम आणि 1 टक्का व्हॅनेडियम असे.

कोबाल्टचा प्रवेश 1912 च्या सुमारास जर्मनीत झाला. त्याचे काम इतर मिश्रधातूंहून वेगळे आहे. टंगस्टन आणि व्हॅनेडियम पोलादातील कार्बनशी संयोग पावून कार्बाइड नावाचे अतिकठीण कण बनवतात; कोबाल्ट असे कण बनवत नाही, ते लोखंडातच विरघळून राहते. मात्र त्याच्या उपस्थितीमुळे पोलाद न वितळता आणखी तापवता येते, त्यामुळे अधिक कार्बन आणि मिश्रधातू लोखंडात विरघळतात, आणि काम करताना 600 अंशांच्या आसपास तापले तरी धार कठीण राहते. आज ड्रिलसाठी मुख्यतः दोन प्रती वापरतात : सुमारे 5 टक्के कोबाल्टची एम-35 आणि 8 टक्क्यांची एम-42. या गुणाची किंमतही मोजावी लागते, कारण कोबाल्टने पोलाद ठिसूळ होते. शिवाय या धातूचा पुरवठा मध्य आफ्रिकेवर फार अवलंबून आहे. 1978 मध्ये तिथल्या झाईर देशाच्या शाबा प्रांतातील लढाईनंतर त्याचे भाव कडाडले होते.

निवड करताना रंगावर विसंबून राहणे चुकीचे ठरते. सोनेरी दिसणारे पुष्कळ ड्रिल साध्या एचएसएसचे असून त्यांच्यावर टायटॅनियम नायट्राइडचा पातळ थर असतो आणि धार लावताच टोकावरचा तो थर निघून जातो. कोबाल्ट मात्र पोलादात आरपार मुरलेले असल्याने ड्रिल कितीही वेळा पाजवले तरी गुण कायम राहतो. म्हणून दांड्यावरची खूण वाचावी. साध्या, मऊ लोखंडासाठी एचएसएस पुरेसे आहे. कोबाल्टचा खर्च सार्थकी लागतो तो स्टेनलेस स्टील आणि कठीण मिश्रपोलादावर.

स्टेनलेसचा स्वभाव असा, की धार न कापता नुसती घासली तर खालचा थर दबून अधिकच कठीण होतो, आणि मग पुढचा प्रत्येक फेरा जड जातो. यासाठी फेरे कमी आणि दाब भक्कम ठेवावा लागतो. 10 मिलिमीटरच्या ड्रिलला मऊ लोखंडात मिनिटाला 800 ते 900 फेरे चालतात. स्टेनलेसमध्ये ते 350 च्या घरात ठेवून कटिंग ऑइल सतत सोडावे. कोबाल्ट ड्रिलचे टोक बहुधा 118 ऐवजी 135 अंशांचे आणि मध्यभागी फोडलेले असते, त्यामुळे ते पृष्ठभागावर फारसे भटकत नाही. तरीही पंचाची हलकी खूण उपयोगी पडते. सलग, वळलेला कीस निघत असेल तर काम नीट चालले आहे. भुकटी निघू लागली की धार घासत आहे असे ओळखावे. ठिसूळपणामुळे हातातल्या ड्रिल मशिनची तिरकी ओढ या जातीला सोसत नाही, म्हणून कामाचा तुकडा शिकंज्यात आवळून उभ्या मशिनवर भोक पाडणे श्रेयस्कर.

लाकडात भोक पाडणाऱ्या हत्यारांचे कुळ निराळे आहे. अमेरिकेत रसेल जेनिंग्ज याने 1855 मध्ये आणि बेंजामिन फोर्स्टनर याने 1874 मध्ये लाकडासाठी जे बिट पेटंट केले, त्यांत कडेची धार आधी तंतू कापते आणि मगच आतला भाग खरवडला जातो. धातूसाठीच्या ड्रिलचे बसके टोक याच्या उलट वागते. ते तंतू उचकटते आणि भोकाची कड फाटते. शिवाय धार 600 अंशांवर जाण्याच्या कितीतरी आधी लाकूडच जळू लागते, त्यामुळे कोबाल्टच्या गुणाला तिथे वावच उरत नाही. अपवाद जुन्या, खिळे पुरलेल्या लाकडाचा. लाकडाचे बिट खिळ्यावर आदळताच थांबवावे, चकात कोबाल्ट ड्रिल लावून कमी फेऱ्यांनी खिळा पार करावा आणि उरलेले लाकूड पुन्हा पहिल्या बिटनेच पोखरावे. आडव्या खिळ्याच्या गोलाईवरून टोक घसरून मऊ लाकडात शिरले तर ठिसूळ ड्रिल तुटू शकते, म्हणून वर भोक असलेली लोखंडी पट्टी आवळून त्यातूनच ड्रिल उतरवावे. तेलाचा मात्र एखादाच थेंब घालावा, कारण लाकडावर पडलेला तेलाचा डाग नंतर पॉलिश धरू देत नाही.