पापवाचा पासपोर्ट

1959च्या उन्हाळ्यात गोल्फच्या दुनियेत दोन बातम्या पाठोपाठ आल्या. दोन्ही दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूंच्या होत्या. पहिली स्कॉटलंडमधल्या म्युरफील्डची. तिथे गॅरी प्लेअर हा तेविशीचा तरुण ब्रिटिश ओपन जिंकला. दुसरी हॉलंडमधल्या हेग शहराची. तिथे डच ओपन जिंकणारा माणूस तिशीचा होता, काळ्या-सावळ्या रंगाचा होता, त्याला लिहिता-वाचता येत नव्हते आणि तो काठी उलटी धरत होता. प्लेअरचे नाव आज गोल्फ न खेळणाऱ्यांनाही ठाऊक असते. दुसऱ्याचे नाव गोल्फ खेळणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते. ते नाव होते सेवसंकर सेवगोलम. डर्बनमध्ये सगळे त्याला पापवा म्हणत.

आधी या नावाविषयी बोलू. मला या गोष्टीकडे ओढले ते नावानेच. ‘सेवसंकर’ म्हणजे आपला शिवशंकर. ‘सेवगोलम’ म्हणजे शिवगुलाम. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांचे आडनाव याच घडणीचे. रामाचा गुलाम, शिवाचा गुलाम. ‘गुलाम’ हा शब्द अरबीतून फारसीत आणि तिथून हिंदुस्थानी बोलींत आला. बिहार-अवधच्या खेड्यांत तो इतका मुरला की हिंदू आईबापांनी देवाच्या नावाला जोडून तो आपल्या लेकरांना दिला. आमच्याकडे गुलाम रसूल, त्यांच्याकडे शिवगुलाम. कोणाला त्यात वावगे वाटले नाही. पुढे वसाहतीच्या दप्तरांत गोऱ्या कारकुनांनी ही नावे कानाला ऐकू आली तशी टिपली आणि शिवगुलामचे सेवगोलम झाले. भाषेची ‘शुद्धी’ करायला निघालेल्यांनी या जहाजांच्या याद्या एकदा वाचायला हरकत नाही.

ही जहाजे नाताळला गेली ती उसासाठी. इंग्रजांची ही वसाहत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर होती. उसाचे मळे उभे राहिले, पण मळेवाल्यांना हव्या त्या मजुरीत राबायला स्थानिक झुलू तयार नव्हते. 16 नोव्हेंबर 1860 रोजी मद्रासहून निघालेले ‘ट्रूरो’ डर्बनच्या बंदराला लागले आणि पाठोपाठ कलकत्त्याहून ‘बेल्व्हेडेअर’. पुढे 1911पर्यंत दीड लाखांहून अधिक माणसे अशी नेली गेली. करार पाच वर्षांचा, सुरुवातीची मजुरी महिन्याला दहा शिलिंग. ‘अ‍ॅग्रीमेंट’चे गिरमिट झाले आणि माणसे गिरमिटिया झाली. करार संपल्यावर जे तिथेच राहिले, त्यांच्यावर पुढे वर्षाला तीन पौंडांचा कर बसला. तो 1914मध्ये रद्द झाला, गांधींच्या सत्याग्रहानंतर. या मजुरांशिवाय स्वतःच्या पैशाने तिकीट काढून गेलेले व्यापारीही होते. त्यात गुजराती मुसलमान पुष्कळ. गांधींना 1893मध्ये तिकडे बोलावले ते दादा अब्दुल्ला यांच्या पेढीनेच. आपल्या रत्नागिरी-कुलाब्याकडचे कोकणी मुसलमानही गेले, पण ते बहुतेक केपटाऊनला. त्यांचे वंशज तिथे अजून स्वतःला ‘कोकणी’च म्हणवतात.

पापवा गिरमिटियांच्या घरातला, तिसऱ्या-चौथ्या पिढीचा. जन्म डिसेंबर 1928चा, डर्बनच्या रिव्हरसाइड भागात. घरात गरिबी, आई अंध. डर्बनमध्ये बीचवुड नावाचा गोऱ्यांचा गोल्फ क्लब होता. हा पोरगा तिथे कॅडी म्हणून कामाला लागला. कॅडी म्हणजे साहेबाच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्या मागे मैलोगणती चालणारा आणि हरवलेला चेंडू झुडपातून शोधून देणारा माणूस. शाळा राहिली ती राहिलीच.

कॅडीला मैदानावर खेळायची मुभा नसते. पापवाने झाडाची फांदी तोडून तिची काठी केली आणि तिने तो चेंडू मारू लागला. शिकवणारे कोणी नाही, त्यामुळे हात जसे पडले तसेच राहिले. क्रिकेटवाल्यांना चटकन कळेल असे सांगतो. उजव्या हाताने खेळणारा बॅट धरतो तेव्हा डावा हात वर असतो, उजवा खाली. गोल्फमध्येही तसेच. पापवाचा उजवा हात वर आणि डावा खाली. खेळायचा मात्र उजवाच. पुस्तकाप्रमाणे या पकडीने चेंडू सरळ जायलाच नको. तो जात होता. लहान वयातच त्याने बिगरगोऱ्यांच्या स्पर्धा मारायला सुरुवात केली. या स्पर्धांची मैदाने भिकार आणि बक्षिसे तुटपुंजी, पण नाव झाले.

तो वीस वर्षांचा असताना, जानेवारी 1949मध्ये, डर्बन पेटले. आफ्रिकी आणि भारतीय वस्त्या एकमेकांवर उठल्या आणि सरकारी आकड्याप्रमाणे 142 माणसे मेली. आधीच्या वर्षी नॅशनल पार्टी सत्तेवर आली होती. 1950मध्ये दोन कायदे झाले. एकाने प्रत्येक माणसाची वंशाप्रमाणे नोंद केली, दुसऱ्याने, ‘ग्रुप एरियाज अ‍ॅक्ट’ने, कोणत्या वंशाने कुठे राहायचे ते ठरवले. 1953च्या कायद्याने बाके, शौचालये, समुद्रकिनारेही वाटले गेले. भारतीयांचे तर आणखी एक दुखणे होते. 1961पर्यंत सरकार त्यांना देशाचे कायमचे रहिवासी मानायलाच तयार नव्हते. शंभर वर्षे ऊस तोडूनही ते तिथले पाहुणेच.

पापवाला बाहेर काढले एका गोऱ्यानेच. ग्रॅहम वुल्फ हे ‘ऑइल ऑफ ओले’ या सौंदर्यप्रसाधनाचे जनक. आज ती बाटली आपल्याकडच्या दुकानांतही दिसते, पण तिचा जन्म डर्बनचा. पापवा त्यांचा कॅडी होता, त्यांच्या कारखान्यातही काम करत होता. त्याचा खेळ पाहून वुल्फने ठरवले की या माणसाला युरोपात न्यायचे. 1959मध्ये आपल्या छोट्या विमानातून ते त्याला घेऊन गेले. डर्बन ते युरोप म्हणजे आख्खे आफ्रिका खंड ओलांडायचे. आयुष्य डर्बनमध्ये काढलेल्या कॅडीचा हा पहिला मोठा प्रवास.

त्या प्रवासाच्या शेवटी डच ओपनचा चषक होता. मला यात एक गंमत दिसते, कडवट आहे पण आहे. ‘अपार्टहाइड’ हा शब्द आफ्रिकान्स भाषेतला आणि ती भाषा डचमधून निघालेली. ज्या लोकांनी पापवाला गोऱ्यांच्या बाकावर बसायला बंदी केली, त्यांच्या वाडवडिलांच्या देशात त्याच पापवाच्या हाती राष्ट्रीय स्पर्धेचा चषक दिला गेला. एकदा नव्हे. 1960मध्ये तो पुन्हा जिंकला आणि 1964मध्ये तिसऱ्यांदा. 1963च्या ब्रिटिश ओपनमध्येही तो पहिल्या पंधरा जणांत आला. पकड उलटीच.

युरोपात मात्र तो एकटा होता. त्याला फलक वाचता येत नव्हते, घरी पत्र लिहिता येत नव्हते. मागे डर्बनला बायको, मुले आणि आई. तो चषक घेऊन परतला की डर्बनचे भारतीय त्याला डोक्यावर घेत आणि दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा ‘एशियाटिक’ असे.

1963मध्ये डर्बन कंट्री क्लबवर नाताळ ओपन भरली. पापवाला खेळायची परवानगी मिळाली, पण क्लबहाउसमध्ये पाऊल टाकायची नाही. गोरे खेळाडू आत कपडे बदलत, आत जेवत. याने गाडीत बसायचे. शंभराहून अधिक गोरे मैदानात आणि हा एकटा. तो जिंकला. बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस लागला होता. पाहुणे छपराखाली होते. विजेत्याला आत घेणे कायद्यात बसत नव्हते, म्हणून चषक त्याच्या हाती बाहेर, पावसात दिला गेला. कोणीतरी फोटो काढला आणि तो जगभर छापला गेला.

त्या फोटोने सरकारचे फार नुकसान केले असावे. वर्णभेदाविषयी संयुक्त राष्ट्रांत भाषणे होत होती. भारताने तर 1946मध्येच तिथल्या भारतीयांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला होता आणि दक्षिण आफ्रिकेशी व्यापारही तोडला होता. पण भाषण ऐकून सामान्य माणूस विसरतो. भिजलेल्या विजेत्याचा फोटो पाहिला की त्याला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. पुढच्या वर्षी टोकियो ऑलिंपिकला दक्षिण आफ्रिकेला बोलावले गेले नाही.

1965मध्ये पापवाने नाताळ ओपन पुन्हा जिंकली. या वेळी हरलेल्यांत गॅरी प्लेअर होता, तेव्हाच्या जगातल्या पहिल्या दोन-तीन गोल्फरांपैकी एक. अपघाताने एकदा जिंकला असे म्हणायची सोय आता उरली नाही. याच वर्षी सरकारने फर्मान काढून वंशांची फाळणी खेळाच्या मैदानांना आणि प्रेक्षकांनाही काटेकोरपणे लागू केली. पापवाला मोठ्या स्पर्धांचे परवाने मिळेनासे झाले. मग पासपोर्टही गेला. देशात खेळता येत नाही आणि देशाबाहेर जाता येत नाही.

प्लेअरविषयी दोन शब्द बोलायला हवेत. 1966मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात त्याने वर्णभेदाच्या धोरणाची उघड पाठराखण केली होती. पुढे तो बदलला. 1971मध्ये अमेरिकेतला कृष्णवर्णीय गोल्फर ली एल्डर याला त्याने दक्षिण आफ्रिकेत खेळायला बोलावले आणि जुन्या भूमिकेबद्दल नंतर जाहीर खेदही व्यक्त केला. माणूस बदलतो, याचा आनंदच आहे. पण बदलायला त्याच्याकडे वेळ होता, पैसा होता आणि जगात कुठेही घेऊन जाणारा पासपोर्ट होता.

चळवळीतल्या लोकांना पापवाची एक अडचण होती, तीही लपवू नये. बहिष्काराची चळवळ म्हणत होती की परवाना मागून खेळणे म्हणजे परवाना देणाऱ्याचा अधिकार मान्य करणे. सत्तरच्या दशकात हसन होवा यांनी बिगरवंशीय क्रिकेटच्या बाजूने हीच भूमिका घेतली आणि अखेरपर्यंत सोडली नाही. समाज सडका असताना खेळ निरोगी असल्याचे नाटक करायचे नाही, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. तरीही तो पापवावर लावून मला त्याला दोषी ठरवता येत नाही. होवा संघटना चालवत होते. पापवाच्या हातात फक्त काठी होती. ज्याला गोल्फशिवाय दुसरी कमाई नाही आणि घरी खाणारी तोंडे आहेत, त्याला तत्त्वासाठी खेळू नकोस म्हणणे सोपे असते. गंमत अशी की परवाना घेऊन खेळलेल्या त्या एका स्पर्धेने बहिष्कारवाल्यांना त्यांचे सर्वांत बोलके चित्र मिळाले.

केपटाऊनचा बेसिल डिऑलिव्हेरा 1960मध्येच इंग्लंडला निघून गेला, तिथला कसोटीपटू झाला आणि 1968मध्ये त्याच्या निवडीवरून इंग्लंडचा दक्षिण आफ्रिका दौराच मोडला. पापवाही युरोपात राहिला असता तर? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी त्याच्या घराचा विचार करावा. इंग्लंडमध्ये क्रिकेटपटूला क्लब पगार देतो. गोल्फर एकांडा. जिंकला तर पैसे, नाही तर परतीच्या भाड्याचीही चिंता. अंध आईला आणि पोरांना डर्बनला सोडून हा निरक्षर माणूस परक्या मुलखात किती दिवस काढणार होता?

सत्तरच्या दशकात बंधने थोडी सैल झाली, जगाला दाखवण्यापुरती. तोवर त्याची चाळिशी उलटली होती आणि ऐन उमेदीची वर्षे परवान्यांची वाट पाहण्यात गेली होती. जुलै 1978मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. पन्नाशीही पुरी झाली नव्हती. हाती पैसा नव्हता.

आपल्याकडे ही कथा परकी वाटू नये. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुन्यांपैकी एक गोल्फ क्लब कलकत्त्यात 1829मध्ये निघाला, तेव्हापासून आपल्याकडे कॅडी आहेत. दिल्ली गोल्फ क्लबच्या हिरवळीत मध्ययुगीन मकबरे उभे आहेत आणि त्याच मकबऱ्यांच्या सावलीत पिशव्या उचलत मोठा झालेला अली शेर 1991मध्ये इंडियन ओपन जिंकला. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. 1993मध्ये तो पुन्हा जिंकला. त्याच्या पासपोर्टला कोणी हात लावला नाही, हा फरक मोठाच आहे. पण किती कॅडी पिशवी उचलता उचलता म्हातारे झाले, याची नोंद कोणत्याही क्लबाच्या फलकावर नसते. मुंबईत चेंबूरला किंवा पुण्यात येरवड्याला कुंपणाबाहेरून गोल्फचे मैदान पाहिले असेल, तर कुंपणाच्या कोणत्या बाजूला किती गर्दी असते हे ठाऊकच असेल.

नेल्सन मंडेलांच्या देशाने पापवाला मरणोत्तर ‘ऑर्डर ऑफ इखामांगा’ हा सन्मान दिला. डर्बनमध्ये उमगेनीच्या काठी एका सार्वजनिक गोल्फ मैदानाला त्याचे नाव आहे. तिथे खेळायला ना वंशाचा दाखला लागतो, ना सरकारचा परवाना. हिरवळीचे पैसे भरले की झाले.